घरटी एक

माझ्या नातीचं लग्न शंभर ताटांत झालं. पन्नास आमची, पन्नास मुलाकडची. एकही ताट जास्त लागलं नाही, उलट उरली. हे मी जन्मभर छाती काढून सांगेन असं मला वाटलं होतं. आता कोणी विचारलं तर मी उठून आत जाते.

त्या वर्षी माझ्या मुलाचं काम गेलं. अमरावतीला एका सूतकारखान्यात तो बावीस वर्षं मशीनवर होता. आधी तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली, आणि मग एके सकाळी फाटकाला कुलूप. पन्नाशीला आलेल्या माणसाला कोण काम देतो? तो दुसऱ्याचा ऑटो चालवायला लागला. पोरीचं लग्न तर ठरलेलं होतं. मुलगा परतवाड्याचा, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याच्या बापाने आमची हालत पाहिली आणि स्वतःच तोंड उघडलं.

"माय, आमालेबी बँड लावून नाचाची हौस नाई," तो म्हणाला. "पन्नास तुमचे, पन्नास आमचे. लोकायले काय, खातीन अन् वांग्याच्या भाजीले नावं ठेवतीन."

माणूस शहाणा होता. मी त्याच दिवशी लग्नाची सगळी सूत्रं माझ्या हातात घेतली. मुलगा खचलेला होता, सून सगळ्यांना हो म्हणणारी. त्यांच्या हाती दिलं असतं तर पन्नासाचे दीडशे झाले असते.

मला ताटं सांभाळायची सवय होती. तीस वर्षं मी कॉलेजच्या पोरांच्या खानावळीत काम केलं. आधी पोळ्या लाटल्या, पुढे वाढपाच्या दारावर बसले. मालकाने पितळी बिल्ले केले होते. बिल्ला टाकला की ताट. पोरं लबाड असतात. एक म्हणतो बिल्ला खोलीवर राहिला, दुसरा म्हणतो आईशप्पथ संध्याकाळी आणून देतो. एकाला दिलं की पाठोपाठ चार उभे राहतात, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. त्यानंतर मी मान वर करून चेहरा पाहणंच सोडून दिलं. हातात बिल्ला आहे की नाही एवढंच बघायचं.

आमच्याकडे आवतन द्यायच्या दोन तऱ्हा आहेत. दारात उभा राहिलेला माणूस सांगतो, चूलबंद, किंवा सांगतो, घरटी एक. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी आपल्याकडे जेवायचं. घरटी एक म्हणजे घरातून एकच माणूस येणार, बाकीचे घरी जेवणार. यात कोणी राग धरत नाही. सांगणाऱ्याची ऐपत सगळ्यांना माहीत असते. फक्त रक्ताच्या नात्यात घरटी एक सांगत नाहीत. सख्ख्या बहिणीला तर नाहीच नाही.

मी सगळ्यांना घरटी एक सांगितलं. दीर, नणंद, मुलाचे मित्र, गल्लीतली घरं. कोणाला वेगळं माप नको म्हणून. शेजारीण म्हणाली, "काकू, लग्न हाये का खानावळ? बिल्ले वाटून राहिल्या का आता?"

"वाटीन," मी म्हटलं. "तुह्या एकटीचा ठेवला हाये. नवऱ्याले घरी खिचडी टाकून ये."

ती हसली. मीही हसले. तोपर्यंत सगळं बरं चाललं होतं.

माझी धाकटी बहीण बार्शीटाकळीला दिली आहे. तिचा नवरा पिठाची गिरणी चालवायचा. माणूस सडपातळ, बोलायला कमी, पापण्यांवर कायम पीठ. आमच्या माहेरचा तो धाकटा जावई. मी त्यांना जवाईबुवा म्हणायची आणि ते मला मोठ्या बाई. बहिणीला काचबिंदू झाला आणि तिची नजर हळूहळू गेली. आता तिला माणूस सावलीसारखा दिसतो, आवाजावरून ओळखते. त्यांचा मुलगा दूर नोकरीला. घरात ती दोघंच.

माझी नात चार वर्षांची होती तेव्हा सुनेला क्षय झाला. लेकराला जवळ ठेवू नका असं डॉक्टरने सांगितलं. माझी खानावळ, मुलाची पाळी. जावई आले आणि पोरीला खांद्यावर बसवून घेऊन गेले. तीन वर्षं ती तिथे राहिली. बहिणीला नीट दिसत नसे म्हणून पोरीची वेणी तेच घालायचे. गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायकांना विचारून विचारून शिकले. बाया चेष्टा करायच्या, म्हणायच्या, बुवा, आमच्याही घालून द्या. ते म्हणायचे, पायली दळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेणीला लागतो, रांगेत बसा. पोर परत आली तेव्हा सुनेने घातलेली वेणी तिला आवडेना. आबाजी घट्ट घालतात, म्हणायची.

म्हणून लग्न ठरल्यावर तिने पहिल्यांदा विचारलं, "आजी, आबाजी येतीन ना?"

"येतीन ना," मी म्हटलं. त्यावेळी यादी व्हायची होती. मी खोटं बोलले नाही, पण पुढे ते खरंही केलं नाही.

यादी करताना मुलगा पेन्सील घेऊन बसला होता. मावशीचं नाव आलं तसं त्याने दोन लिहिले. मी म्हटलं, "एक खोड."

"आई, मावसाजीले तरी सांगू."

"तुह्या काकाच्या घरी पाच माणसं हायेत. त्यायले एक सांगितलं, मावशीले दोन, तर तो उद्या दारात भांडाले येईन. मग त्याचे पाच घे. मग आत्याचे सहा घे. कुठं थांबशीन?"

"मावशीले दिसत नाई. ते एकटी कशी येईन?"

"येईन कोणासोबत तरी. गावचं कोणी ना कोणी येतच राह्यते अमरावतीले."

त्याने पेन्सिलीने खोडलं. रबर नव्हतं, म्हणून तो आकडा गिरवून काळा केला. तो काळा डाग मला अजून दिसतो.

बहिणीला मी फोनवरच सांगितलं. हळदीच्या अक्षता घेऊन बार्शीटाकळीला जायला पाहिजे होतं. ऊन होतं, एसटीचं भाडं होतं, आणि खरं सांगायचं तर मला तोंडावर एक म्हणायचं नव्हतं. फोन स्पीकरवर होता, गिरणीचा पट्टा फिरत असल्याचा आवाज येत होता.

"सगळ्याईले घरटी एकच सांगून राहिली मी," मी म्हटलं. "तू ये."

ती म्हणाली, "बरं बाई."

मागून जावयांनी विचारलं, "काय म्हणते?"

"एकाचं आवतन हाये म्हणते."

"मंग तूच जाय. मी काय, मी गेलो तर तुह्यापेक्षा जास्त पुऱ्या खाईन, बाईले परवडणार नाई." आणि ते हसले. मलाही हसू आलं. मी फोन ठेवला आणि यादीत बहिणीच्या नावापुढे खूण केली.

लग्नाच्या चार दिवस आधी एसटीच्या टपावरून एक कट्टा आला. तोंड सुतळीने शिवलेलं. त्यात पुऱ्यांचं पीठ, बारीक दळलेलं, दोनदा चाळलेलं. जावयांनी पाठवलं होतं. घरचाच गहू, असा निरोप होता, लग्नाच्या पुऱ्यांना बाजारचं पीठ नको. मी कट्टा उतरवून घेतला, पिठात हात घातला, थंड होतं, छान होतं. तेव्हाही मला फोन उचलून तुम्हीपण या म्हणता आलं असतं. मी आचाऱ्याला म्हटलं, बघ, पिठाचा प्रश्न मिटला.

लग्न वैशाखातलं, समाजमंदिराच्या हॉलमध्ये, सकाळच्या मुहूर्ताचं. बहीण साडेनऊला आली. दारात कोणीतरी तिचा हात सोडला आणि ती भिंत धरून आत आली. मी तिला पंख्याखाली खुर्चीवर बसवलं.

"कोणासोबत आली?"

"होती सोबत," ती म्हणाली.

मी पुढे विचारलं नाही. मला वांग्याच्या भाजीत मीठ बघायचं होतं. नात पिवळ्या साडीत आली आणि तिच्या गळ्यात पडली. "आबाजी?"

"गिरणी बंद ठेवता येत नाई, बेटा," बहीण म्हणाली. पाठ केल्यासारखं म्हणाली. "लग्नसराई हाये. लोकायचे दळणं पडले हायेत."

मंगलाष्टकं चालू असताना मी पाहत होते, पोरगी सारखी दाराकडे बघत होती. मी मनात म्हटलं, दोन दिवसांत विसरेल.

अक्षता पडल्या आणि मी वाढपाच्या दारावर जाऊन बसले. जुनी सवय. कोण आलं, कोण राहिलं, कोणाच्या पाठीमागे कोणाचं पोर घुसलं. पहिली पंगत उठत होती तेव्हा आचाऱ्याच्या हाताखालची बाई माझ्याजवळ आली.

"मावशी, भाईर एक बुढा बसला हाये सकाळपासून. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर. पानी मांगत होता. पानी देल्लं मी. ताट देऊ का?"

मी पुऱ्या मोजत होते. मान वर केली नाही.

"पाणी देल्लं ना? मंग झालं. ताट नको. एकाले देल्लं का दहा येऊन बसतीन."

"बुढा हाये, मावशी. ऊन लय हाये."

"नाई म्हटलं ना."

ती गेली. मी पुऱ्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या, कारण आकडा चुकला होता.

चार वाजता पोरीची पाठवणी. मुलाकडच्यांनी एक जीप आणली होती, फुलांची एकच माळ लावलेली. मी मागे होते. पोर दारातून बाहेर पडली, सासूने हात धरलेला, आणि ती मध्येच थांबली. रस्त्यापलीकडे बंद दुकानाच्या पायरीवर जावई बसले होते. धुतलेलं धोतर, डोक्यावर ओला पंचा, मांडीवर कापडी पिशवी. ते तिला बघून उठायला लागले, पाय आखडले होते म्हणून पुन्हा बसले.

तिने सासूचा हात सोडला आणि लग्नाच्या साडीत रस्ता ओलांडून गेली. एक ट्रक ब्रेक मारून थांबला. ती त्यांच्या समोर खाली बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग तिची वेणी हातात घेऊन पाहिली.

"ढिली हाये," ते म्हणाले.

मी आत पळाले. ताट वाढलं, दोन पुऱ्या, भाजी, वरण, बुंदी, सगळं. घाईत वरण पुरीवर सांडलं. मी ते घेऊन रस्त्यापलीकडे गेले. तोपर्यंत जीप सुरू झाली होती.

"जवाईबुवा, आत या. जेवा."

"जेवलो मी, मोठ्या बाई." त्यांनी पिशवीतला फडका दाखवला. त्यात भाकरीचे कण होते आणि हिरव्या मिरचीचं देठ. "हिनं बांधून देल्ली होती."

"आत काऊन नाई आले?"

"एकाचं आवतन होतं ना. हिले सोडाले आलो." ते खरंच तसंच म्हणाले, टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. "तुमची गणती चुकली असती."

"दोन घास खा. माह्यासाठी."

"पोट भरलं आता."

त्यांनी पलीकडे जाऊन हॉलच्या दारात उभ्या बहिणीचा हात धरला आणि दोघं एसटी स्टँडकडे गेली. मी ताट घेऊन उभी. उन्हात पुऱ्या कडक होऊन गेल्या. मागे हॉलमध्ये आचारी भांडी आवरत होता. त्याने मोजून सांगितलं, एकोणीस ताटं उरली, मावशी, काय करू. बोलावलेले बरेचजण आलेच नव्हते. घरटी एक म्हटल्यावर येतं कोण.

आचाऱ्याच्या बाईने मला काय विचारलं होतं आणि मी काय सांगितलं, हे मी कोणाला बोलले नाही. मुलाला नाही, नातीला नाही. बहिणीला तर नाहीच.

त्या वर्षी पावसाळ्यात धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे करून वाढतात. आमचे आईबाप जाऊन वीस वर्षं झाली, बहिणीच्या नवऱ्याला धोंड्याचं जेवण कोणी घातलं नव्हतं. मी ठरवलं, आपण घालू. या वेळी मी हळदीच्या अक्षता फडक्यात बांधल्या आणि अकोल्यावरून जीपने बार्शीटाकळीला गेले. त्यांच्या दारात उभी राहिले, उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या आणि म्हटलं, "चूलबंद आवतन हाये. दोघायनंबी या. गिरणीवर कोणी मदतीले असन त्यायलेबी आना."

"येतो ना, मोठ्या बाई," ते म्हणाले.

आले. नातीला आणि नातजावयालाही बोलावलं होतं. मी पहाटेपासून राबले. दोन्ही जावयांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं. ताट समोर ठेवलं तसे ते म्हणाले, "नव्या जवायाले वाढा. मी घरून जेवून आलो."

"चूलबंद सांगितलं होतं, जवाईबुवा."

"हो. सकाळी सकाळी भूक लागली, खाल्लं."

बहिणीने मान खाली घातली. नातजावई ओशाळला, घास हातात तसाच. नातीने आपल्या ताटातला धोंडा मोडला, तुपात बुडवला आणि त्यांच्या तोंडापुढे धरला. तो घास त्यांनी खाल्ला. सावकाश चावून खाल्ला. मग हात धुतला. तो तिचा घास होता, तिच्या ताटातला. माझं वाढलेलं ताट तसंच राहिलं. संध्याकाळी मी ते गाईला घातलं.

पुढेही दोनदा आले अमरावतीला, बहिणीचे डोळे दाखवायला. पाणी प्यायचे, चहा प्यायचे, पोराबाळांची विचारपूस करायचे. जेवायचं म्हटलं की घरून जेवून आलो. माझ्यावर रागावल्याचं एकदाही दाखवलं नाही. मी वाट पाहत होते की कधीतरी बोलतील, मग मी सांगेन, पाया पडेन, काय करायचं ते करेन. ते बोलले नाहीत. मीही तोंड उघडलं नाही. मला वाटलं, वेळ आहे.

पौषात गेले. गिरणीवरच, सकाळी, स्टुलावर बसल्या बसल्या. दळण टाकलेल्या बाईला वाटलं डुलकी लागली.

मी निरोप येताच गेले आणि बहिणीजवळ राहिले. शेजाऱ्यांनी पहिले दोन दिवस जेवण आणलं. तिसऱ्या दिवसानंतर घरात चूल पेटली आणि मी भाकरी करायला बसले. बसायला येणारे लोक खूप. गावातली निम्मी घरं त्यांच्या गिरणीचं पीठ खाल्लेली. कोण किती आले ते मी मोजलं नाही. डब्यातलं ज्वारीचं पीठ त्यांनीच दळलेलं होतं, आदल्या आठवड्यात. मी थापत होते, बहीण बाजूला भिंतीला टेकून बसली होती.

तेव्हा मी तिला सांगितलं. आचाऱ्याची बाई आली होती, तिने विचारलं होतं, आणि मी वर न पाहता नको म्हटलं होतं. एका दमात सांगितलं. सांगताना माझे हात पिठातच होते.

बहीण म्हणाली, "मले मालूम हाये."

मी हातातली भाकर तव्यावर टाकली.

"ते बाई परत गेल्ती त्यायच्याजवळ. म्हणे, बाबा, ताट नाई म्हणते बुढी, काय करू. तिच्या तोंडून आइकलं त्यायनं. एसटीत बसल्यावर मले सांगितलं."

"काय म्हणे?"

"म्हणे, मोठ्या बाईची काई चूक नाई. खानावळीत बसून बसून तशी सवय लागते."

मी विचारलं, "अन् धोंड्याच्या दिवशी? खरंच जेवून आले होते?"

ती चुलीच्या धगीकडे तोंड करून बसली होती, तिला ती लाल सावली दिसत असावी.

"नाई," ती म्हणाली. "चूलबंद होतं ना. मी चूल पेटवलीच नाई त्या दिवशी. उपाशी होते. घरी परत गेल्यावर रात्री चटणी-भाकर खाल्ली."

"मंग काऊन असं केलं?"

"मी इचारलं होतं. म्हणे, माह्या हातून घास उचललाच नाई गेला."

बाहेर आणखी कोणी बाया आल्याचा आवाज आला. चपला काढत होत्या. बहिणीने नाक वर केलं.

"भाकर जळून राहिली, बाई," ती म्हणाली. "पलटव."

मी पलटवली. एका बाजूने काळी झाली होती. ती मी बाजूला माझ्यासाठी ठेवली आणि पुढची थापायला घेतली.